चुन्याने भाजलेला डोळा, स्टेम सेल सर्जरीचा कोणाला अनुभव आहे का?

मंडळी, मदत हवीये. चुलत भावाच्या डोळ्यात तंबाखूच्या चुन्याची ट्यूब फुटून चुना उडाला, आता उजव्या बुबुळावर पांढुरका थर आलाय आणि लाल शिरा पार मधोमध पोचल्यात. एक डॉक्टर म्हणाले नेत्रदानातलं बुबुळ बसवू, दुसरे म्हणाले घाई नको, बुबुळाच्या कडेला लिंबस म्हणून रिंग असते तिथल्या स्टेम सेल्सच (बुबुळाचा वरचा थर सतत नव्याने बनवणाऱ्या मूळ पेशी) जळाल्यात, त्या नसतील तर नव्या बुबुळावरचा वरचा थरही टिकणार नाही. मला तरी हे पटलं.

त्यांनी स्लेट नावाची सर्जरी सुचवलीये, २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या डॉ. संगवान यांच्या टीमने मांडलेली. चांगल्या डोळ्यातून जेमतेम २ बाय २ मिमी टिश्यू काढतात, त्याचे बारीक बारीक तुकडे करतात, आजारी डोळ्यावर बाळंतपणात पडणाऱ्या वारेचा पातळ पडदा लावून त्यावर ते फायब्रिन ग्लूने (एक वैद्यकीय गोंद) चिकटवतात आणि पेशी तिथेच वाढतात, म्हणजे आधी लॅबमध्ये वाढवायचा खर्च वाचतो.

पण काकू अडून बसल्यात, चांगल्या डोळ्याला हात लावू द्यायचा नाही म्हणून. त्यांचंही चुकत नाही म्हणा.

तर कोणी ही करून घेतली असेल तर सांगा ना, चांगल्या डोळ्याला नंतर काही त्रास झाला का, नजर किती आली, आणि पुण्या-मुंबईत कोण करतं की हैदराबादच गाठावं? ‘सगळ्या आजारांवर स्टेम सेल इंजेक्शन’वाल्या जाहिराती प्लीज पाठवू नका, त्या आधीच ढिगाने आल्यात.