नॉनस्टिक तव्याचं कोटिंग निघतंय, तवा टाकून देऊ का?

मनूची_आई:
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारते. तवा चारेक वर्षांचा, मधोमध कोटिंग उडालंय, काल मनूच्या धिरड्यात चक्क काळे कण, आणि मला दिसेस्तोवर तिने अर्धं संपवलेलं. सासूबाई म्हणतात काही होत नाही, नवरा म्हणतो कॅन्सर होतो (व्हिडिओ बघितलाय साहेबांनी). मागे 'पीएफओए फ्री' लिहिलंय, मग चालेल ना?

केमिस्ट्रीवाला:
ताई, कणांचं टेन्शन घेऊ नका. ते टेफ्लॉन, पोटात विरघळत नाही, आलं तसं बाहेर जातं. घाण होती ती पीएफओए, टेफ्लॉन बनवताना वापरायचे ते केमिकल. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ड्युपाँट कंपनीच्या कारखान्यातून ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं, मग हजारो लोकांचं रक्त तपासलं आणि २०१२ पर्यंत किडनीचा कॅन्सर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल धरून सहा दुखण्यांशी त्याचा संबंध असावा असं निघालं. अंगातून निम्मं जायलाच दोन-तीन वर्षं लागतात. 'फ्री' म्हणजे फक्त ते एक वापरलेलं नाही, त्याच्यासारखी भावंडं-केमिकलं हजारोंनी आहेत, त्यांचं कोणी लिहीत नाही. आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून विसरू नका, फार तापला की कोटिंगचा धूर होतो, त्या धुराने पिंजऱ्यातले पोपट मेलेत.

घावनवाली:
टाक गं तो. बिडाचा घे. पहिले आठ दिवस रडवतो, रोज तेल लावून अर्ध्या कांद्याने घासायचा, साबण नाही, ओला ठेवायचा नाही. माझा आईकडचा आहे, घावन असं सुटतं की बघत राहशील.

खेडकर:
तवे बदलाल हो, पाण्याचं काय? इटलीत विचेंझाजवळ मितेनी नावाचा असाच केमिकलचा कारखाना होता, आजूबाजूचं पाणी नासवून २०१८ ला बंद पडला, आणि त्याची मशिनरी कुठे आली माहितीये? आमच्या रत्नागिरीत, लोटे परशुरामला! इथे कितीजणांना पत्ता आहे विचारा.

मनूची_आई:
बापरे. पाणी उकळून प्यायलं तर?

केमिस्ट्रीवाला:
उकळून जात नाही, पाण्याची वाफ होते आणि हे खालीच राहतं. आरओने बरंच कमी होतं, पण आतली मेम्ब्रेन (गाळणी) वेळेवर बदलली तर. सोफ्यावर डाग पडू नये म्हणून मारतात तो स्प्रे आणि मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नची पाकिटं, यातही हीच भावंडं असू शकतात, ती बंद करता आली तर करा.

मनूची_आई:
बिडाचा आणला. पहिल्या धिरड्याचा भुगा झाला, सासूबाई हसतायत.

घावनवाली:
तवा नीट तापू दे आधी, आणि पीठ जरा सैल कर.