रास्पबेरी पाय ३ वर बिल्डरूटची इमेज: सिरियलवर काहीच नाही, एचडीएमआयवर कर्नल पॅनिक

द्राक्षबाग_तासगाव

तासगावजवळच्या द्राक्षबागेत तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा दर १० मिनिटांनी नोंदवायचाय. डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी कधी घ्यायची हे पानं किती तास ओली होती यावर ठरतं, त्यामुळे नोंदीत खंड पडून चालत नाही. बोर्ड रास्पबेरी पाय ३ बी, कार्ड १६ जीबी. नेहमीच्या ओएसवर लाईटच्या जा-ये मध्ये दोनदा कार्ड खराब झालं, म्हणून बिल्डरूट २०२४.०२ (स्वतःची छोटी लिनक्स बांधायचं साधन) घेऊन छोटी इमेज बांधली. सुरुवात पाय ३ च्या ६४ बिट डीफकॉन्फिगपासून (तयार सेटिंग). कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या यादीत, नको ते काढलं, बरंच काही मॉड्यूल केलं (कर्नलबाहेरची वेगळी फाइल). कॉन्फिग.टीएक्सटी (बूटची सेटिंग फाइल) चार ओळींची स्वतः लिहिली.

सिरियलवर (बोर्डाच्या पिनांवरून येणारा मजकूर) एक अक्षर येत नाही. एचडीएमआयवर शेवटची ओळ: "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(१७९,२)". दुसरं कार्ड वापरून पाहिलं, तेच. फळछाटणी ऑक्टोबरमध्ये आहे, त्याआधी बसवायचंय.

मिरज_जंक्शन

कार्ड बदलू नका, कार्डाचा दोष नाही. कंसातले आकडे वाचा. १७९ हा एमएमसी (एसडी कार्डासारख्या) उपकरणांचा मेजर नंबर आणि २ म्हणजे दुसरं पार्टिशन. कर्नलला कार्डही सापडलंय आणि पार्टिशनही. (०,०) आलं असतं तर कार्डाचा ड्रायव्हर नाही किंवा रूट= मधलं नाव चुकलं असं म्हणता आलं असतं. इथे पार्टिशन समोर आहे, पण त्यातली फाइल सिस्टम कर्नलला वाचता येत नाही. पॅनिकच्या जरा वर "नो फाइल सिस्टम कुड माउंट रूट, ट्राइड:" अशी ओळ असेल. त्या यादीत एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) दिसत नसेल तर निदान पक्कं.

कारण तुमच्याच वाक्यात आहे, "बरंच काही मॉड्यूल केलं". एक्स्ट४ मॉड्यूल असेल तर त्याची फाइल /लिब/मॉड्यूल्समध्ये, म्हणजे ज्या पार्टिशनला उघडायचंय त्याच्याच आत. किल्ली कुलूपबंद खोलीत. इनिटरामएफएस (बूटच्या वेळी रॅममध्ये उघडणारी तात्पुरती रूट) नसेल तर रूटची फाइल सिस्टम आणि एसडी होस्टचा ड्रायव्हर दोन्ही कर्नलमध्येच हवेत: मेन्यूकॉन्फिगमध्ये एमची (मॉड्यूलची) खूण काढून तारा (*, म्हणजे कर्नलमध्येच) करा. मग "मेक लिनक्स-रीबिल्ड" आणि त्यानंतर नुसतं "मेक". दुसरं विसरलात तर एसडीकार्ड.आयएमजीमध्ये जुनाच कर्नल राहतो.

मेन्यूकॉन्फिगमधले बदल आउटपुट/बिल्डच्या आत राहतात, "मेक क्लीन" केलं की गेले. आधी कर्नलसाठी कस्टम कॉन्फिग फाइल निवडा, तिचा मार्ग द्या आणि "मेक लिनक्स-अपडेट-डीफकॉन्फिग" चालवा.

आता सिरियल. पाय ३ वर चांगला यूएआरटी (सिरियल पोर्ट), पीएल०११, ब्लूटूथला जोडलेला असतो आणि १४-१५ क्रमांकाच्या जीपीआयओवर (हेडरच्या पिना) मिनी यूएआरटी येतो. बिल्डरूटच्या सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये (कर्नलला द्यायचे पर्याय) कन्सोल टीटीवायएएमए०, म्हणजे पीएल०११, आहे, आणि त्यांच्या मूळ कॉन्फिग.टीएक्सटीत "डीटीओव्हरले=मिनीयूएआरटी-बीटी" ही ओळ त्यासाठीच असते. तुम्ही फाइल नव्याने लिहिताना ती गेली, म्हणून कर्नल सगळं ब्लूटूथच्या चिपला सांगतोय. ओळ परत टाका. वेग ११५२००. हेडरवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स. कन्व्हर्टरचा आरएक्स ८ ला, टीएक्स १० ला. कन्व्हर्टर ३.३ व्होल्टचाच हवा आणि त्याची ५ व्होल्टची लाल वायर मोकळी सोडा.

आणि यापुढे एचडीएमआयचा फोटो नको, सिरियलचा पूर्ण लॉग टाका. शेवटच्या ओळीपेक्षा तिच्या वरच्या वीस ओळी जास्त सांगतात.

द्राक्षबाग_तासगाव

दोन्ही अचूक. यादीत फक्त व्हीफॅट होतं. आता सिरियलवर लॉगिन येतंय. पुढचा प्रश्न लाईटचा. बागेतली लाईन कधीही जाते, शटडाउन करायला कोणी नसतं.

कृष्णाकाठ

मग शटडाउनची गरजच ठेवू नका. ज्या पार्टिशनवर कोणी लिहीत नाही त्याची फाइल सिस्टम लाईट गेल्यावर अर्धवट लिहिलेली सापडणार नाही. रूटसाठी स्क्वॉशएफएस (फक्त वाचता येणारी, दाबून बांधलेली फाइल सिस्टम) घ्या (तोही कर्नलमध्ये तारा), "रूट रीड-राइट रीमाउंट करा" हा सिस्टम कॉन्फिगरेशनमधला पर्याय बंद करा, सीएमडीलाइनमध्ये रूटएफएसटाइप=स्क्वॉशएफएस आणि आरओ (फक्त वाचन). जेनइमेजच्या (कार्डाची इमेज जुळवणारं साधन) फाइलमध्ये दुसऱ्या पार्टिशनला रूटएफएस.स्क्वॉशएफएस द्या आणि तिसरं ५१२ एमबीचं एक्स्ट४ पार्टिशन जोडा, नोंदींसाठी. एक्स्ट४ चा रूट बंद केल्यावर होस्ट युटिलिटीजमध्ये ई२एफएसप्रॉग्ज (एक्स्ट४ ची साधनं) चालू आहे का बघा, नाहीतर जेनइमेज तिसरं पार्टिशन बनवताना थांबेल. संपूर्ण इमेज पुन्हा कार्डावर लिहिली की नोंदीही पुसल्या जातात, आधी उतरवून घ्या.

/डेटा ही रिकामी डिरेक्टरी रूटएफएस ओव्हरलेमध्येच (इमेजमध्ये वरून टाकायच्या फाइल्सचं फोल्डर) ठेवा, बूट झाल्यावर ती बनवता येणार नाही. गिट रिकामी डिरेक्टरी ठेवत नाही, म्हणून आत एखादी छोटी फाइल टाका.

बिल्डरूटच्या बिझीबॉक्स मांडणीत /टीएमपी रॅममध्ये असतं आणि /व्हार/लॉग तिकडेच वळवलेलं असतं, त्यामुळे लॉगची चिंता नाही. अडतं ते ड्रॉपबेअरशी (दुरून लॉगिनसाठीचा छोटा एसएसएच सर्व्हर). त्याची की /व्हार/रनमध्ये, म्हणजे रॅममध्ये तयार होते, म्हणून प्रत्येक बूटला नवी होस्ट की (बोर्डाची ओळख) आणि एसएसएच करताना दरवेळी इशारा. ओव्हरलेमध्ये /ईटीसी/ड्रॉपबेअर ही सिमलिंक /डेटा/ड्रॉपबेअरकडे करा.

/डेटा मात्र लिहिलं जातं, तिथे काळजी हवी. एफएसटॅबमध्ये (माउंट करायची यादी) त्याला नोऑटो (आपोआप माउंट नको) लावा, कारण इनिटटॅबमधलं (बूटच्या पहिल्या कामांची यादी) माउंट स्टार्टअप स्क्रिप्ट्सच्या आधी होतं आणि तपासायला वेळच मिळत नाही. एस०२ नावाने सुरू होणारी स्क्रिप्ट लिहा: आधी ई२एफएससीके -पी (फाइल सिस्टमची तपासणी-दुरुस्ती), मग माउंट. त्यासाठी ई२एफएसप्रॉग्ज पॅकेज निवडावं लागतं. ड्रॉपबेअर एस५० ला सुरू होतं, तोवर /डेटा तयार असतं. नोंद लिहिल्यावर एफसिंक (लगेच कार्डावर उतरवणं) करा, नाहीतर ती काही सेकंद रॅममध्येच असते आणि नेमकी तेवढ्यात लाईट जाते.

द्राक्षबाग_तासगाव

स्क्वॉशएफएससाठी कॉम्प्रेशन एलझेड४ निवडलं. आता पुन्हा पॅनिक, त्याच्या वर: "फाइल सिस्टम युझेस एलझेड४ कॉम्प्रेशन. धिस इज नॉट सपोर्टेड".

मिरज_जंक्शन

बिल्डरूटने एलझेड४ने बांधलं, कर्नलला ते उघडता येत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्क्वॉशएफएसच्या खालीच एलझेड४चा वेगळा पर्याय आहे, तो तारा करा.

विटा_वायरिंग

इमेज चालेल, पण तारखेचं बघा. पाय ३ वर घड्याळाची चिप नाही. बागेत इंटरनेट नसेल तर लाईट आल्यावर १९७० सुरू होतं आणि पानांचे ओले तास मोजण्याला काही अर्थ राहत नाही. डीएस३२३१ मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) लावा, कॉन्फिग.टीएक्सटीत "डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१", आणि रास्पबेरी पाय फर्मवेअर पॅकेजमध्ये डीटी ओव्हरले बसवण्याचा पर्याय चालू. कर्नलमध्ये ड्रायव्हर डीएस१३०७ या नावाने सापडेल, नाहीतर डीएस३२३१ शोधत बसाल. मॉड्यूलला पायची ३.३ व्होल्टची पिनच द्या. स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, ५ व्होल्ट दिले तर ते चार्ज न होणाऱ्या सीआर२०३२ मध्येही करंट ढकलतं.

बॅटरीवरून चालवणार असाल तर १२ व्होल्टवरून खाली आणणारा कन्व्हर्टर ५.१ व्होल्टला लावा, निदान २.५ अँपिअरचा. व्होल्टेज कन्व्हर्टरपाशी नाही, बोर्डापाशी मोजा, लोड चालू असताना. ४.६३ च्या खाली गेलं की कर्नलच्या लॉगमध्ये "अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड" येतं. लांब, बारीक मायक्रो यूएसबी केबल हे त्याचं नेहमीचं कारण. कन्व्हर्टर बोर्डाच्या पेटीतच ठेवा आणि लांबचा पल्ला १२ व्होल्टच्या वायरने काढा.