बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानांना रॅम्पची सक्ती हवी की आधी रस्ता खाली आणायचा?

शहापूरचा व्हीलचेअरवाला
थेट मुद्द्यावर येतो. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या दुकानांचा परवाना नूतनीकरणाला येईल तेव्हा एकच अट घाला: आत जायला रॅम्प नाही, तर परवाना नाही. कायदा माझ्या बाजूचा आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे, लोकांची ये-जा असलेलं खाजगी दुकानही त्यात येतं. जुन्या इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली.

दिवाळीचे कपडे मी रस्त्यावर बसून घेतो. कामाला असलेला पोरगा आतून चार शर्ट आणतो, पाचवा मागायला मलाच जड जातं. मागून रिक्षावाला हॉर्न मारत असतो ते वेगळंच. आणि घासाघीस कुणाशी करायची? मालक आत गल्ल्यावर, मी बाहेर. पोराला भाव सोडायचा अधिकार नसतो. म्हणजे बिल सांगतील तेवढं.

गल्लीतला कापडवाला
परवाना अडवा म्हणायला काय जातंय? जरा हिशेब करा की. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. माझं जोतं रस्त्यापासून दीड फूट, म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा. माझ्या दारातनं अठरा फूट मोजलं तर समोरच्याच्या गल्ल्यावर जाऊन टेकेल. त्याला काय सांगू, टेबल सरकव म्हणून?

आणि जोतं मी हौसेनं उंच केलेलं नाही. आजोबांच्या वेळी एकच पायरी होती. दरवेळी जुन्या डांबरावर नवं डांबर चढतं, रस्ता वर येतो, जुलैत पाणी शटरखालून आत. गठ्ठे भिजले तर भरपाई कोण देतंय? मग आम्ही उंबरा चढवतो. पुढच्या वेळी रस्ता परत वर.

टिळकवाडीकरीण
शेठ, रॅम्पला जागा नाही हे मान्य. पण गटारीवर फरशी टाकून माल मांडायला तीन फूट जागा कुठून निघते? त्या कट्ट्यामुळे आम्ही धडधाकट माणसंसुद्धा गाड्यांच्या मधून चालतो.

गल्लीतला कापडवाला
ताई, कट्टा सगळ्यांचाच आहे. सगळ्यांचा एका दिवशी काढा, मी पहिला काढतो. माझा एकट्याचा काढला तर उद्या तिथं हातगाडी लागणार.

सदाशिवनगर २०
मला थोडं कडू बोलू दे. आपल्याकडं साधे खड्डे बुजत नाहीत. आधी ते तरी करू. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग २.२१ टक्के. एवढ्यांसाठी अख्खा बाजार उकरायचा?

खानापूरहून
त्या २.२१ टक्क्यांत माझी आई नाही. तिचे गुडघे गेलेत, अपंग म्हणून नोंद नाही. लाल गाडीची पहिली पायरी चढवताना मागून मी ढकलतो आणि वरून कंडक्टर हात देतो. बाजारात आली की चढाव नसलेलं दुकान शोधते, माल कसा का असेना. खड्डे आधी म्हणता, तर खड्डा काय फक्त तुमच्या बाईकलाच लागतो?

पांढरी काठी
मी अंध आहे. व्हीलचेअरवाले दादा, तुमच्याशी माझं थोडं भांडण आहे. फूटपाथ आणि रस्ता सपाट एकजीव झाला की तुमची सोय होते, माझी काठी मात्र फसते. ती कड माझी खूण असते, ती गेली की मी नकळत गाड्यांत उतरतो. म्हणून जिथं उतार कराल तिथं ठिपक्यांच्या पिवळ्या फरश्या हव्यातच. ठिपके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे चाल पुढं. आमच्या भागात नवा फूटपाथ झाला, त्यात रेघांच्या फरश्या आडव्या बसवल्यात. रेघांच्या दिशेनं गेलो तर थेट गटारीत. बसवणाऱ्या गवंड्याला कुणी सांगितलंच नसणार, त्याला ती नक्षी वाटली असेल.

शहापूरचा व्हीलचेअरवाला
पटलं. ठिपके हवेतच.

साइटवरचा माणूस
मी रस्त्याच्या कामांवर असतो म्हणून बोलतो. कापडवाल्यांचं दुखणं खरं आहे, फक्त औषध दुकानात नाही. नवा थर टाकण्याआधी जुनं डांबर मशीननं खरवडून काढायचं, म्हणजे रस्त्याची पातळी वाढत नाही. टेंडरमध्ये ते लिहून घेतलं नाही तर कोण कशाला करेल? दोन-तीन थर खरवडले, गटार साफ झाली, की दीड फुटाचं जोतं आणखी उघडं पडेल हे खरं, पण पाणी तरी खाली राहील आणि पुढं उंबरा चढवावा लागणार नाही.

आणखी एक. बाइक घुसू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी पाइप रोवतात. इतके जवळजवळ की बाइकवाला तिरका होऊन निघतो आणि व्हीलचेअर अडकते. तिला नव्वद सेंटिमीटर तरी मोकळे लागतात. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव होतं. त्यानंतर जे नवं बांधलं त्यालाही जुन्या गल्लीचीच सबब सांगायची का?

नवीन इमारतीला तर सुटकाच नाही. सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येईल अशी, नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असं कायद्यातच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, सक्तीची करा. माझं मत, सक्ती तिथं करा. जुन्या गल्लीत परवाना अडवलात तर कागदावर रॅम्प होतील आणि चढायला गेलात तर मागं पडाल.

शहापूरचा व्हीलचेअरवाला
तसले घसरगुंडी रॅम्प बघितलेत. पण 'आधी रस्ता' म्हणत दहा वर्षं घालवायची का? परवान्याची अट मी सोडत नाही, थोडी बदलतो. जागा नसेल तिथं घडीची फळी, दाराबाहेर हाताला येईल अशी बेल, आणि आत फिरता येईल एवढी मोकळी वाट. शेठ, हे तर उद्या जमेल?

गल्लीतला कापडवाला
दीड फुटाला फळी किती लांब लागेल, बघा. सहा फुटांची ठेवली तर उभी चढण होईल, दोन माणसं धरायला लागतील. माणसं मी देतो. बेलही लावतो. परवान्याचं मात्र मान्य नाही. आणि तुम्ही आलात तर गल्ल्यावरून उठून मी स्वतः बाहेर येतो, भाव माझ्याशी करा.

पांढरी काठी
फळी काम झालं की उचलून ठेवा. वाटेत पडली तर मी अडखळणार.

साइटवरचा माणूस
आणि गुळगुळीत पत्रा घेऊ नका. नक्षीचा चेकर्ड पत्रा घ्या, दोन्ही कडांना दोन इंच पट्टी वेल्ड करून. पावसात चाक बाजूनं खाली जातं.