मदत हवी आहे: तांग-उइघुर घोडे-रेशीम व्यवहाराचा खरा भाव

अभ्यासमंडळात चीनच्या तांग घराण्याचा दरबार आणि उत्तरेकडच्या भटक्या उइघुरांचा खागान (सम्राट) यांच्या संबंधांवर बोलायचंय. 757 मध्ये उइघुर घोडदळाच्या मदतीने तांगांनी चांगआन आणि लुओयांग या आपल्या राजधान्या बंडखोरांकडून परत घेतल्या, पुढच्या वर्षी राजकन्या निंगक्वो खागानाला दिली, इथपर्यंत ठीक. गाडी अडलीय ती उइघुर रेशमाच्या बदल्यात तांगांना देत त्या घोड्यांपाशी.

'जुना तांग इतिहास' एका घोड्याला 40 तागे रेशीम म्हणतो, तांगकालीन कवी बाय ज्युई एका कवितेत 50. शिवाय त्याच कवितेत रेशीम विरळ विणून, आखूड कापून तागे भरले जात, अशी तक्रार आहे. घोडेही मरतुकडे येत म्हणे! म्हणजे दोन्हीकडून गंडवागंडवी. (सगळा दोष उइघुरांवर ढकलणारी चिनी बाजू मला तरी एकतर्फी वाटते.)

इंग्रजी भाषांतरं वाचून झाली. चिनी येत नाही, त्यामुळे संदर्भ मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतच हवेत. 840 नंतरचा, म्हणजे उइघुर सत्ता कोसळल्यानंतरचा काळ नको. सामान्य रेशीममार्गाची पुस्तकंही नकोत, त्यांत हा विषय दोन ओळींत उरकलेला असतो.

नेमकं हवंय ते असं: 40 तागे हा प्रत्यक्ष चुकता होणारा भाव होता, की दरबाराच्या वहीत थकत जाणारा आकडा? आणि त्याच काळात चीनच्या आतल्या बाजारात घोडा कितीला मिळायचा, याची नोंद कुठे सापडेल?