मदत हवी आहे: मोठ्या रिटेल कंपनीची ऑफर आली आहे, आतलं वातावरण रुजू होण्याआधी कसं ओळखायचं?

फोन_ठेवते

नमस्कार मंडळी,

एका मोठ्या रिटेल साखळीकडून डिपार्टमेंट मॅनेजरच्या जागेसाठी ऑफर आली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका. शेकडो स्टोअर्स आणि घरात लागणारं सगळं एका छपराखाली, असा प्रकार आहे. माझा आजवरचा अनुभव कॉल सेंटरचा. आधी फोनवर होते, मग टीम लीड झाले. ग्राहकाचं ऐकून घ्यायची सवय आहे, पण रिटेलचा गंध नाही.

पंचाईत अशी की या कंपनीबद्दल जे कानावर येतं त्याचा एकमेकांशी मेळ बसत नाही. रिव्ह्यूच्या साइटवर एक जण लिहितो, "दुसरं घर मिळालं." लगेच खाली दुसऱ्याचं, "जीव प्यारा असेल तर पळा." बरं, अनोळखी लोकांचं सोडून देऊ. माझ्या ओळखीतले दोघं तिथे काम करून बाहेर पडलेत. एकजण बिलिंगला लागली आणि सुपरवायझर होऊन निघाली, अजून जुन्या मॅनेजरला फोन करते. दुसऱ्यासमोर कंपनीचं नाव काढलं की तो विषय बदलतो. दोघांची स्टोअर्स वेगळी, पण कंपनी एकच आणि काळही साधारण तोच.

एचआरची मुलाखत छान झाली. "आम्ही इथे एक कुटुंब आहोत" हे सारखं ऐकू येत होतं. रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, किती दिवस आधी लागतं असं विचारलं, तर "तसं फ्लेक्झिबल असतं" एवढ्यावर बोळवण झाली. आता स्टोअर मॅनेजरशी शेवटची भेट आहे, त्यानंतर हो की नाही ते कळवायचंय.

रिटेलमध्ये काढलेल्यांनी सांगा, भेटीत नेमकं काय विचारू? काय बघू? "सगळीकडे असंच असतं" हे उत्तर नको, ते आईकडून मिळालंय.

अर्धं_शटर

तुमच्या ओळखीतले दोघंही खरंच बोलतायत. कंपनीची संस्कृती पोस्टरवर असते, तुमच्या वाट्याला येते ती त्या स्टोअरची.

कसं चालतं सांगतो. विक्रीच्या अंदाजावरून हेड ऑफिस प्रत्येक स्टोअरला आठवड्याचे कामाचे तास ठरवून देतं. विक्री खाली आली की तास कापतात. पण ट्रक तेवढाच येतो, शेल्फ तेवढेच भरायचे असतात, आणि दर थोड्या दिवसांनी वरून नवा प्लॅनोग्राम, म्हणजे मांडणीचा नकाशा येतो, की ही रांग तिकडे हलवा, ती इकडे आणा. तास आणि काम यांच्यात जी फट पडते, ती कोणाच्या अंगावर टाकायची हे स्टोअर मॅनेजर ठरवतो. चांगला असेल तर वर भांडतो, नाहीतर फ्लोअरवर सरळ सांगतो, "आज मांडणी राहू दे, काउंटर सांभाळा." वाईट असेल तर ती फट लोकांच्या घरच्या वेळेतून भरून काढतो.

माझ्या एका जुन्या स्टोअरमध्ये हजेरीचं पंचिंग मशीन बॅक स्टोअरच्या, म्हणजे मागच्या गोदामाच्या दाराशीच होतं. शिफ्ट संपली की पोरं रांगेत उभी राहायची, आणि मॅनेजर मागून अगदी गोड आवाजात म्हणायचा, "पंच करून या रे, मग एवढ्या ट्रॉल्या रिकाम्या करू." डिटर्जंटच्या खोक्यांनी भरलेल्या ट्रॉल्या. कागदावर सगळे घरी गेलेले, आणि प्रत्यक्षात कटर हातात घेऊन खोकी फोडतायत. त्या स्टोअरला तास वाचवल्याबद्दल शाबासकीची ट्रॉफीसुद्धा मिळाली होती. ट्रॉफी स्टाफरूममध्येच ठेवलेली.

म्हणून एकच सांगतो. मागच्या महिन्याचं रोस्टर बघायला मागा. पुढच्या आठवड्याचं नको, ते सगळ्यांचंच सुंदर असतं. मागच्या महिन्याचं, खाडाखोडीसकट.

रेघोट्या

+१. रोस्टरवर तर प्रत्यक्ष दुकानांत प्रयोग झालाय. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोमधल्या २८ स्टोअर्समध्ये. काही स्टोअर्समध्ये शिफ्ट सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळा जास्त पक्क्या केल्या, ड्युटी आपसात बदलायला मोबाइल ॲप दिलं, गर्दीच्या वेळी थोडी जादा माणसं दिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, त्यात या स्टोअर्सची विक्री मध्यक हिशेबाने ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रोस्टर ऐनवेळी बदललं की मॅनेजर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "ग्राहक कधी येतील ते आपल्या हातात नाही." या अभ्यासात दिसलं की बरीचशी उलथापालथ ग्राहकांमुळे नव्हे तर हेड ऑफिसमुळे होते. माल किती येणार याची चुकीची माहिती, सेलच्या योजनेत शेवटच्या क्षणी बदल, आणि साहेब लोकांच्या भेटी. साहेब येणार म्हटलं की आदल्या रात्री काय धावपळ असते हे इथे वेगळं सांगायला नको.

विचारताना हाताशी आकडे असावेत म्हणून: सिएटल शहरात २०१७ पासून मोठ्या रिटेल कंपन्यांना रोस्टर १४ दिवस आधी द्यावं लागतं, आणि क्लोजिंग करून सकाळी ओपनिंगला बोलवायचं तर मध्ये १० तास हवेत, नाहीतर जादा पैसे द्यावे लागतात. युरोपियन युनियनच्या नियमांत दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती आहे. तुमच्याकडे हे कायदे लागू असतील असं नाही. पण "फ्लेक्झिबल" म्हणाले की "म्हणजे किती दिवस आधी? क्लोजिंगनंतर किती तास?" असं विचारता येतं.

तारीख_पे_तारीख

एवढं घाबरवू नका हो त्यांना. रिटेलइतक्या लवकर माणूस वर जाईल अशा जागा फार थोड्या. मी ट्रॉल्या गोळा करण्यापासून सुरुवात केली, डिग्री अर्धवट होती, आज एका स्टोअरचा नफा-तोटा बघतो. कोणी कॉलेजचं नाव विचारलं नाही.

आणि एक गोष्ट सगळे विसरताय. ताई डिपार्टमेंट मॅनेजर म्हणून जातायत. रोस्टर त्यांना लागणार नाही, त्या ते लावणार आहेत. "पंच करून या" हे वाक्य उद्या त्यांच्या तोंडी येणार की नाही, हा खरा प्रश्न. तास कापलेत, ट्रक दारात उभा आहे आणि स्टोअर मॅनेजर म्हणतोय, "तुम्ही बघा काय ते." तेव्हा काय कराल? मी असतो तर भेटीत उलटं विचारलं असतं: "काम तासांत बसत नसेल तर मी कोणतं काम सोडलेलं तुम्हाला चालेल?" यावर ज्याच्याकडे पटकन एखादं नाव येतं, त्याच्याबरोबर काम करता येतं. "मॅनेज करायचं" असं म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

फोन_ठेवते

सगळ्यांचे आभार. तारीख_पे_तारीख, हा प्रश्न लिहून घेतला. आपण रोस्टर लावणाऱ्यांत असणार हे डोक्यातच आलं नव्हतं, मी अजून फोनवरच्या पोरीसारखाच विचार करत होते.

एक शंका. रिव्ह्यूंमध्ये "श्रिंकेजवरून छळतात" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. म्हणजे काय? आणि रिव्ह्यूंवर भरवसा ठेवायचा तरी किती?

नावात_काय

मी एचआरमध्ये आहे. ज्यांना शिव्या द्यायच्या असतील त्यांनी आधी देऊन घ्या.

श्रिंकेज म्हणजे सिस्टीममध्ये माल जितका दिसतो आणि मोजला तर जितका भरतो, त्यातला फरक. त्यात बाहेरच्यांची चोरी येते, आतल्यांची येते, पण कागदपत्रांतल्या चुका आणि सप्लायरने कमी पाठवलेला मालही येतो. माल उतरवताना कोणी न मोजता सही केली की फरक तिथेच पडतो, उघडकीला येतो स्टॉक-टेकच्या, म्हणजे मालमोजणीच्या वेळी. वाईट स्टोअरमध्ये तो आकडा आला की पहिला संशय सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर. चांगल्या स्टोअरमध्ये आधी इनवर्डचं, म्हणजे आत आलेल्या मालाचं रजिस्टर काढतात. भेटीत विचारा, "मागच्या स्टॉक-टेकमध्ये फरक आला तेव्हा काय केलंत?" उत्तरात पहिल्यांदा कागद येतो की माणूस, तेवढं ऐका.

जाताना बॅग तपासतात का, आणि ती पंच आउटच्या आधी की नंतर, हेही विचारा. नंतर असेल तर रोजची ती रांग फुकटात. हा वाद कोर्टापर्यंत गेलाय. ॲपलच्या स्टोअर्समधल्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की असा वेळ पगारी धरायला हवा. त्याआधी २०१४ मध्ये गोदामातल्या कामगारांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय कायद्याखाली, उलट निकाल दिला होता. सगळीकडे सारखं नाही, म्हणून विचारून घ्यायचं.

रिव्ह्यूंचं म्हणाल तर आतली गोष्ट सांगते. रेटिंग घसरलं की काही कंपन्यांत लोकांना "जरा चांगलं लिहा" अशी मेल जाते. त्यामुळे एकाच सुमारास पाच-पाच ताऱ्यांचा पाऊस पडलेला दिसला तर तो वगळा. कोणत्या हुद्द्यावरच्या माणसाने लिहिलंय ते बघा, हेड ऑफिसमधल्याचं "वर्क-लाइफ बॅलन्स उत्तम" तुमच्या काय कामाचं? आणि विशेषणं सोडून द्या. "टॉक्सिक" या शब्दातून काही कळत नाही. "वीकऑफ शनिवारी रात्री मेसेज करून रद्द करतात" यातून कळतं. तसंच वाक्य वेगवेगळ्या स्टोअरवाल्यांनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलं असेल तर ते धरून चाला.

ही जागा रिकामी का झाली, तेही विचारा. आधीचे कुठे गेले? बढती, बदली की नुसतंच "सोडून गेले"?

अर्धं_शटर

आणि भेटीच्या आधी एकदा ग्राहक म्हणून जाऊन या. दुपारी नको, बंद व्हायच्या सुमारास. सेल्फ चेकआउटवर, म्हणजे ग्राहक स्वतःच बिल करतात तिथे, एकटी मुलगी किती मशिन्स सांभाळतेय आणि अडली तर तिच्या मदतीला कोणी येतं का, एवढं बघितलंत तरी पुष्कळ.

फोन_ठेवते

अपडेट. परवा रात्री जाऊन आले, काल भेट झाली.

रात्री सेल्फ चेकआउटवर एकच मुलगा होता. एका आजोबांचं मशीन अडकलं, मागे रांग वाढली, कोणीतरी आवाज चढवला. तेव्हा आतून एक बाई आल्या, त्या आजोबांना स्वतःबरोबर काउंटरवर घेऊन गेल्या आणि त्या मुलाला म्हणाल्या, "तू पाणी पिऊन ये." काल कळलं, त्याच स्टोअर मॅनेजर.

रोस्टर मागितलं तर बाजूला बसलेले एचआरवाले म्हणाले, "ते कॉन्फिडेन्शियल असतं." बाईंनी मात्र नावांचा रकाना झाकून फाइल पुढे सरकवली. खाडाखोड भरपूर होती, पण प्रत्येक बदलाशेजारी त्या त्या माणसाची सही. क्लोजिंग करून लगेच ओपनिंगही काही ठिकाणी दिसलं. विचारल्यावर म्हणाल्या, "सेलच्या आठवड्यात अकरा तासांचं अंतर देऊ शकत नाही, खोटं कशाला बोलू? एरवी देते." कोणतं काम सोडलेलं चालेल, यावर लगेच उत्तर आलं: "मांडणी. वरून फोन आला तर मला द्या." आधीचे मॅनेजर बढतीवर दुसऱ्या स्टोअरला गेलेत. बॅग तपासणी मात्र पंच आउटनंतरच होते, आणि ते हेड ऑफिसचं धोरण, माझ्या हातात नाही असं म्हणाल्या.

मन होकाराकडे झुकलंय. अडचण एकच. रोस्टर १० दिवस आधी आणि दोन शिफ्टमधलं अंतर, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलं तर एचआर म्हणतंय लेटरचा मसुदा बदलत नाही. आणि या बाईंचीच उद्या बदली झाली तर?

नावात_काय

मसुदा खरंच बदलत नाहीत, त्यात खोटेपणा नाही. तुम्ही आजच बाईंना मेल टाका आणि एचआरला सीसीत ठेवा. "काल आपलं असं बोलणं झालं, ते असं समजून मी होकार देत आहे" असं म्हणून मुद्दे लिहा: किती दिवस आधी रोस्टर, किती तासांचं अंतर, सेलचे कोणते आठवडे अपवाद. त्यांचं "बरोबर" एवढं उत्तर आलं तरी पुरे, त्यानंतरच सही करा. करारासारखं बळ त्याला नसेल, पण नवा मॅनेजर आला तर दाखवायला तुमच्याकडे कागद असेल. आणि हो, मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी आयडीवर ठेवा, कंपनीचं अकाउंट शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतं.

फोन_ठेवते

मेल पाठवली. उत्तर आलं की इथे टाकते.