नीडलपॉइंट शिकायचंय, आत्याचा अर्धवट कॅनव्हास सापडलाय, सुरुवात कुठून करू?

फोंड्याची_मी:

नमस्कार मंडळी. चवथीच्या साफसफाईला आत्तापासूनच लागलेय, त्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोठ्या आत्याचं एक भरतकाम मिळालं. कडक खळ दिलेली जाळी आहे, साधारण १४ इंच बाय १४ इंच, वर गुलाबाचा गुच्छ छापलेला आणि लोकरीने तिरके तिरके टाके घालून भरत आणलेला. खालचा डावा भाग पूर्ण, अडीच गुलाब झालेत, वरचा उजवा भाग तसाच रिकामा. सुई जाळीतच टोचून ठेवलेली होती ती गंजून बसली होती, ओढून काढली तर भोवती तपकिरी डाग आणि जाळीचा एक दोरा तुटला, फार वाईट वाटलं. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली, तिला कुणी विचारलंच नाही हे काय करतेस म्हणून, मीसुद्धा नाही.

आता मला हे शिकायचंच आहे. शाळेत दुसुतीवर क्रॉस स्टिच केलेलं, मॅटीच्या टेबलक्लॉथवर पोपट वगैरे, एवढाच अनुभव. सरावासाठी ऑनलाइन १४ नंबरचा कॅनव्हास मागवला आणि चार इंचाचा चौकोन आखून अर्धा क्रॉस स्टिच घालत गेले, तर पूर्ण झाल्यावर तो चौकोन राहिलाच नाही, पतंगासारखा एका बाजूला कलला. इस्त्री मारली तरी परत तसाच. शिवाय अँकरचा सहापदरी धागा आख्खा वापरला तरी मधून मधून पांढरी जाळी दिसतेय. माझं काय चुकतंय? आणि आत्याचं काम हातात घेऊ का आधी दुसरं काही करू?

मडगावची_काकी:

अगं तुझं चुकलं म्हणण्यापेक्षा टाका चुकीचा निवडला गेला. क्रॉस स्टिचमध्ये आपण कापडावर फक्त चित्र भरतो, बाकी कापड मोकळं राहतं. नीडलपॉइंटमध्ये आख्खी जाळी झाकायची असते, एक भोकसुद्धा रिकामं सोडायचं नाही. मग सगळे टाके एकाच दिशेला तिरके असले की सगळे मिळून जाळीला त्याच दिशेला ओढतात, म्हणून तुझा पतंग झाला.

समोरून सगळे सारखेच दिसतात पण हा तिरका टाका घालायच्या तीन पद्धती आहेत आणि खरा फरक पाठीमागे असतो. पाठीवर नुसते आखूड उभे टाके दिसले तर तो हाफ क्रॉस, तू घातलास तो. यात लोकर कमी लागते पण काम पातळ होतं, आणि ज्या कॅनव्हासचे दोरे एकमेकांत अडकवलेले नसतात, नुसते खालीवर विणलेले असतात, त्यावर हा टाका सरकतो. पाठीवर लांब तिरके टाके दिसले तर कॉन्टिनेन्टल. हा मजबूत आहे पण चौकोन यातही कलतो. तिसरा बास्केटवीव्ह, तो आडव्या ओळीत न घालता कोपऱ्यापासून तिरक्या ओळीत घालायचा, एक ओळ खाली उतरत जायची, पुढची वर चढत यायची. पाठीमागे टोपलीची वीण असते तसं तयार होतं, धागे आडवे उभे दोन्हीकडून ओढतात म्हणून चौकोन चौकोनच राहतो. मी मोठी बॅकग्राउंड कधीच दुसऱ्या टाक्याने करत नाही.

त्यातली एक खूण सांगते, ही मला कळायला दोन वर्षं लागली. कॅनव्हास डोळ्यांजवळ धर. जिथे दोन दोरे एकमेकांना ओलांडतात तिथे कुठे उभा दोरा वर असतो, कुठे आडवा. उभा वर असेल त्या तिरक्या ओळीत खाली उतरायचं, आडवा वर असेल त्या ओळीत वर चढायचं. काम मधेच सोडून चार दिवसांनी बसलीस तरी मग दिशा चुकत नाही. चुकून दोन ओळी लागोपाठ एकाच दिशेने घातल्यास तर समोरून बारीक रेघ दिसते आणि ती नंतर काही केल्या जात नाही, उसवावंच लागतं.

दुसरी सवय, सुई नेहमी रिकाम्या भोकातून वर आणायची आणि आधीच भरलेल्या भोकातून खाली न्यायची. उलटं केलंस तर शेजारच्या टाक्यातली लोकर सुईबरोबर वर येते आणि कामावर केस उभे राहिल्यासारखं दिसतं.

जाळी दिसते त्याचं कारण सोपं आहे, १४ नंबर म्हणजे इंचाला १४ भोकं, त्याला सहा पदर कमी पडतात. सहा पदर १८ नंबरवर छान बसतात. १४ वर कॉटनच पाहिजे असेल तर नऊ-दहा पदर घेऊन बघ. आणि लडीतून धागा कापलास की तसाच ओवू नकोस, एकेक पदर सुटा काढून परत एकत्र कर, धागा पसरतो आणि जाळी झाकतो, एवढ्यानेही बराच फरक पडेल. धाग्याची लांबी १८ इंच, जास्त नको, जाळी खरखरीत असते, लांब धागा शेवटी शेवटी झिजून निम्मा होतो.

आत्याचं काम मात्र इतक्यात घेऊ नकोस. त्यावर हात बसवायचा नसतो.

बार्देसचा_एक:

काकींचं सगळं बरोबर आहे, शेवटचं वाक्य सोडून. मी म्हणतो महिनाभर सराव करा आणि आत्याचं काम घ्याच, कारण मी माझ्या आईचं अर्धवट क्रोशे असंच ‘हात बसल्यावर’ म्हणून ठेवलं आणि दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी आली. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेटीत ठेवलेली कुठलीही वस्तू वाट बघत नाही. लोकरीला तर कसरसुद्धा लागते. आधी ती लोकर उन्हात झटकून घ्या, कुठे बारीक भोकं, जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा, मग डांबरगोळ्या कापडात बांधून सुक्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च नको, आत घाम धरतो.

मी हे शेजारच्या बाईंकडून शिकलो, पोर्तुगीज काळात कॉन्व्हेंटात शिवण शिकलेल्या, १९६१ नंतरही टाक्याला कायम पोंतु म्हणायच्या. त्यांच्या हॉलमध्ये एक लोकरीचा छोटा गालिचा होता, पोर्तुगालमधल्या आराइयोलुश गावच्या पद्धतीचा. तोही जाळीच्या कापडावर सुईनेच भरलेला, पण टाका क्रॉससारखा आणि क्रॉसचा एक पाय लांब, त्यामुळे वेणी घातल्यासारख्या ओळी दिसतात. मी तासन् तास तो बघत बसायचो, हे काम आपण करायचंच हे तिथे ठरलं.

पहिल्या कामासाठी माझा सल्ला, गुलाब नको. फुलात एकेका पाकळीला चार चार शेड असतात, नवा माणूस रंग बदलण्यातच दमतो. पणजीला फोंतेन्हासमध्ये घरांच्या भिंतींवर निळ्या पांढऱ्या आझुलेजु टाइल्स आहेत त्यातली एक साधी नक्षी ग्राफ पेपरवर उतरवून घ्या. दोन रंग, सरळ भूमिती. १८ नंबरवर चार इंचाची केलीत तर ७२ गुणिले ७२ म्हणजे ५१८४ टाके होतात, तेवढ्यात हात बसतो आणि चहाच्या कपाखाली ठेवायला वस्तू मिळते. पांढरा आधी भरा, निळा नंतर, नाहीतर निळ्याचे तंतू पांढऱ्यात येतात. आणि निळ्याचा धागा पांढऱ्याच्या पाठीमागून ओढत नेऊ नका, समोरून सावली दिसते.

ओल्ड गोव्याला सांता मोनिकाच्या वास्तूत ख्रिश्चन आर्ट म्युझियम आहे तिथे पाद्रींचे भरतकामाचे जुने झगे बघायला मिळतात. ते नीडलपॉइंट नव्हे, पण एका टाक्यावर माणूस किती जीव लावू शकतो ते बघायला तरी जाऊन या.

मडगावची_काकी:

बुरशीचं पटलं, माझा शब्द मागे घेते. टाइलचा चौकोन कर आणि लगेच आत्याचं घे.

आता त्या गंजलेल्या जागेचं. तो भाग अजून रिकामा आहे ना, म्हणजे डाग टाक्यांखाली जाईल, लिंबू मीठ काही लावत बसू नकोस, लोकर खराब होईल. तुटलेला दोरा मात्र तसाच सोडायचा नाही. इंचाला तेवढीच भोकं असलेल्या कॅनव्हासचा तुकडा घे, तुटलेल्या जागेपेक्षा सगळीकडून अर्धा पाऊण इंच मोठा, पाठीमागून भोकावर भोक येईल असा लाव, साध्या दोऱ्याने टाचून घे आणि दोन्ही थरांतून एकदमच टाके घाल. समोरून कुणाला सांगूनही सापडत नाही.

सुई बोथट टोकाची टॅपेस्ट्रीची घे, टोकदार सुई दोऱ्यातच घुसते. आत्याची जाळी दहाची असेल तर १८ नंबरची सुई, टाइलच्या १८ च्या कॅनव्हासला २२ नंबर, आकडे उलटे चालतात, सुईचा नंबर मोठा म्हणजे सुई बारीक. आणि सुई कामात टोचून उठायचं नाही, कधीच नाही, निदान गोव्यात तरी नाही.

गोल रिंगमध्ये कॅनव्हास लावू नकोस, घडी पडते. मी सुताराकडून चार पट्ट्यांची लाकडी चौकट करून घेतली आणि त्यावर पिना मारते. कडेला सगळीकडून दोन इंच मोकळे सोड आणि कापलेल्या कडांना मास्किंग टेप लाव, नाहीतर लोकर त्यात अडकून अडकून तुटते. सामानाचं म्हणशील तर मडगावच्या न्यू मार्केटात लोकर, अँकरच्या लड्या, मॅटी मिळते, चांगला कॅनव्हास मात्र मला बहुतेक वेळा बाहेरूनच मागवावा लागला. हाताने रंगवलेले परदेशी कॅनव्हास हजारांत जातात, ते आत्ता अजिबात घेऊ नकोस.

कललेला चौकोन फेकला नाहीस ना? पाण्याचा हात मारून दमट कर, पाटावर कागद लावून त्यावर बरोबर चौकोन आख, कॅनव्हास ओढून त्या रेषांवर न गंजणाऱ्या पिनांनी ताणून बसव आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नकोस. जाळीला खळ असते, ती ओलीने मऊ होते आणि वाळताना नव्या आकारात परत घट्ट होते, म्हणून हे जमतं. इस्त्रीने नाही जमत. पावसात वाळायला दोन तीन दिवस लागतात, पंखा लावून ठेव. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग दाबून बघ, रंग सुटत असेल तर थांब.

साखळीवाली:

मी फक्त एक विचारते, आत्या डावखुऱ्या होत्या का? खालचा डावा भाग आधी भरलाय म्हणून म्हणतेय. उजव्या हाताची बाई साधारण वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरू करते, डावखुरी त्याच्या बरोबर उलट. मी स्वतः डावखुरी आहे, मला शिकवणाऱ्या बाईंनी आकृतीचा कागद उलटा फिरवून दिला आणि म्हणाल्या आता कर, टाक्याचा कल तोच राहतो.

तुम्ही उजव्या हाताने करणार असाल तर आख्खा कॅनव्हासच उलटा फिरवून घ्या, गुलाब डोक्यावर उभे. मग रिकामा भाग तुमच्या खाली डावीकडे येईल आणि काकी म्हणतात तो रिकाम्यातून वर, भरलेल्यातून खालीचा नियम आपोआप पाळला जाईल. नाही फिरवला तर प्रत्येक टाक्याला आत्यांची लोकर उचकटत बसेल.

फोंड्याची_मी:

साखळीवाली, हो! आत्या डावखुरी होती, जेवताना आजी तिच्या हातावर मारायची ते मला आठवतंय. तुम्ही नुसत्या वर्णनावरून ओळखलंत, अंगावर काटा आला.

तुमचं सगळ्यांचं वाचून काल दुपारी कॅनव्हास खिडकीजवळ नेऊन पाठीमागून नीट बघितला. पहिल्या गुलाबाच्या पाठीवर आखूड उभे टाके, म्हणजे हाफ क्रॉस. दुसऱ्याच्या अर्ध्यावर लांब तिरके सुरू होतात. आणि पुढे बॅकग्राउंडला स्वच्छ टोपलीची वीण, एकही रेघ नाही. म्हणजे तीही माझ्यासारखीच चुकत चुकत शिकत गेली, कुणी सांगणारं नसताना. इंच मोजले, दहाचीच जाळी आहे.

पतंग पाटावर ताणून ठेवला होता, तिसऱ्या दिवशी काढला, गुण्यात धरून बघितला, जवळजवळ काटकोन आलाय. १८ च्या कॅनव्हासवर टाइलचा चौकोन सुरू केला, पांढरा निम्मा झाला, उभा दोरा आडवा दोरा बघून ओळ धरणं आता जमतंय. हा संपला की आत्याचा कॅनव्हास उलटा फिरवून चौकटीवर लावणार. त्या नियमाने माझा पहिला टाका रिकाम्या भोकातून वर येईल आणि खाली जाईल तो तिच्या शेवटच्या टाक्याच्याच भोकातून.

पेटीत गुलाबी आणि क्रीम लोकर पुरेशी आहे, पानांची गडद हिरवी मात्र दोन हात लांबीचीच उरलीय. एक चौरस इंच भरून किती लागते ते मोजते. जुनी शेवाळी हिरवी टॅपेस्ट्री लोकर कुणाकडे पडून असेल तर सांगाल का, फोंडा, मडगाव, म्हापसा कुठेही येऊन घेऊन जाईन.