मंडळाचा पैसा: रुग्णवाहिका की अर्थसंकल्पाचा पाठपुरावा?

मुंबईकर_राजापूर
नमस्कार मंडळी. आमचे मुंबईतल्या गावकऱ्यांचे मंडळ नोंदणीकृत न्यास आहे, ८०जी (देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत देणारी नोंदणी) आहे. वर्षाला साधारण ८ लाख जमतात. शिवाय एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून) ३ वर्षे मदत द्यायला तयार आहे. आजवर बाके, संगणक, सभामंडप झाले. यंदा प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका द्यायचे घाटते आहे. काही सभासद म्हणतात, सरकारकडे पैसा आहे, तो वाड्यांपर्यंत पोचत नाही, तर त्याच्या पाठपुराव्यावर खर्च करा. हे कायद्यात बसते का? आणि खर्च नेमका कशावर करायचा?

लेखाशीर्ष_२२१०
गाडी देणे सोपे, चालवणे कठीण. चालकाचा पगार, डिझेल, विमा, टायर हे दरवर्षीचे खर्च आणि त्यांची लेखाशीर्षे (अर्थसंकल्पातली खर्चाची खाती) वेगवेगळी. चालकाचे पद मंजूर नसेल तर गाडी शेडमध्येच राहते. शिवाय दानात गाडी आली की केंद्राकडून वर जाणारी मागणी थांबते, कारण कागदावर गरज भागलेली असते.

पाठपुरावा करायचा तर राज्य शासनाच्या बीम्स (निधीची तरतूद, वितरण आणि खर्च दाखवणाऱ्या) संकेतस्थळापासून सुरुवात करा. योजना संकेतांकाचे पहिले ४ अंक म्हणजे प्रधान शीर्ष: २२१० आरोग्य, २२०२ शिक्षण, २४०५ मत्स्यव्यवसाय. २ किंवा ३ने सुरू होते ते महसुली (पगार, डिझेल असा चालू खर्च), ४ किंवा ५ने ते भांडवली (इमारतीसारखी कायमची कामे). प्रत्येक योजनेचे तीन आकडे उतरवून घ्या: तरतूद (अर्थसंकल्पात मंजूर रक्कम), वितरित निधी (प्रत्यक्ष सोडलेला), खर्च. पेपरात छापून येते ती बहुधा नुसती तरतूद. तरतूद आहे पण वितरण नाही, तर गाठ मंत्रालयात आहे. वितरण झाले पण खर्च नाही, तर जिल्ह्यात, आणि तिथे सहसा प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक किंवा जागा अडलेली असते. ‘निधी वाढवा’ एवढेच निवेदन दिलेत तर त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडेल आणि विषय संपेल.

वेळही सांभाळा. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रारूप पावसाळ्यानंतर आकार घेते, जिल्हा नियोजन समितीची त्यावरची बैठक साधारण जानेवारीत, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये. त्यानंतर जाग आली तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेली जादा तरतूद) उरतात. विभागांचा अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. जिल्हा परिषदेला मात्र जिल्हा योजनेचा निधी खर्चायला पुढचे वर्षही मिळते, तेव्हा तिचा हिशेब दोन वर्षांचा मागा. वर्षअखेरीस पुनर्विनियोजनात (न वापरलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवताना) पैसा ज्यांची कामे कागदावर तयार आहेत त्यांच्याकडे वळतो, म्हणजे बहुतेकदा रस्त्यांकडे.

पेणवाली
जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका, ती वाडी झाकते. प्रधान शीर्षाच्या आतले लघुशीर्ष ७८९ अनुसूचित जातींच्या घटक योजनेचे, ७९६ आदिवासी उपयोजनेचे. ते वेगळे काढा. राज्यात २०११च्या जनगणनेनुसार आदिवासी ९.३५ टक्के आहेत आणि त्या प्रमाणात तरतूद व्हावी ही सुकथनकर समितीची शिफारस. आता रायगड बघा. कातकरी वाड्या भरपूर, पण जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून ग्रामपंचायतींना थेट मिळणारा पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींच्या कायद्याचा) ५ टक्के निधी इथे नाही. आदिवासींसाठीचा पैसा पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे किंवा जिल्हा योजनेच्या आदिवासी भागातच मागावा लागतो. हे माहीत नसलेले लोक चुकीच्या टेबलावर वर्ष घालवतात.

किनाऱ्यावर मत्स्यव्यवसायाच्या शीर्षांत जेट्टीवर किती गेले आणि मासे विकणाऱ्या बायकांच्या ओट्यांवर, शीतपेट्यांवर किती, हे वेगळे काढा. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), धूपप्रतिबंधक बंधारा आणि खारभूमीचे बांध ही कामे एका कार्यालयाकडे नसतात, एकच अर्ज तिन्हींना चालत नाही. बंधाऱ्याला सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी आधी हवी, नाहीतर मंजूर पैसाही परत जातो.

न्यास_कायदा
कायद्यात बसते, पण चौकटीत. सीएसआर म्हणजे मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के. काम कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या विषयाशी जोडा, उदाहरणार्थ आरोग्य किंवा ग्रामविकास. राजकीय पक्षाला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष देणगी त्यात चालत नाही, म्हणून निवडणुकीच्या काळात उमेदवारांबरोबर मंच नको. मंडळाने सीएसआर-१ (असा निधी घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी करावी आणि न्यासपत्राचे उद्देशही एकदा वाचावेत. त्यात नुसते ‘धार्मिक व सांस्कृतिक’ असेल तर आधी ते बदला.

आखातातल्या गावकऱ्यांच्या देणग्यांबद्दल लोक उगीच घाबरतात. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र ठरतात, आणि त्याला एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) लागतो.

मुंबईकर_राजापूर
८ लाखांत हे भागेल? आणि आमदारांकडे जायचे कसे?

लेखाशीर्ष_२२१०
भागते. वाणिज्य शाखेचा एक पूर्णवेळ मुलगा किंवा मुलगी, महिना २५ ते ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ते ३ लाख ६० हजार. प्रवास, छपाई, माहिती अधिकार यांना लाखभर. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रत पानाला २ रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून प्रत्येक लेखाशीर्षाचा अर्ज वेगळा. उरलेले ३ वर्षांच्या पगारासाठी बाजूला ठेवा. पहिले वर्ष आकडे समजण्यातच जाते, आणि वर्षभराचा ‘प्रकल्प’ म्हणून नेमलेला माणूस कामाचा झाला की सोडून जातो.

आमदारांना जाड अहवाल नको, एक पान द्या: लेखाशीर्ष, तीन आकडे, गावाचे नाव, एक प्रश्न. त्यावर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा कपात सूचना (खात्याची मागणी कमी करण्याचा प्रस्ताव) करता येते. गुजरातमध्ये ‘दिशा’ संघटनेने नव्वदच्या दशकात आदिवासी तरतुदींवर अशीच छोटी टिपणे आमदारांच्या हाती दिली. सत्ताधारी-विरोधक दोघांनाही तेच पान द्या.

पेणवाली
एक काम मुंबईच्या मंडळाइतके दुसऱ्या कुणाला जमणार नाही. उपकेंद्र किंवा अंगणवाडी मंजूर होते आणि जागेवर अडते, कारण सातबारा सामायिक असतो आणि निम्मी नावे लालबाग-डोंबिवलीत. वारसनोंदी, संमतीपत्रे, बक्षीसपत्राचा खर्च हे मंडळाने ऑक्टोबरच्या आत उरकावे. जागा निर्वेध असलेले काम यादीतून गाळायला कुणाला सबब मिळत नाही.